वरच्या ग्रिडमधली पट्टी एक, हमाली लागते दुसऱ्याच शेतकऱ्याला

पट्टीवाला · मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मोबाइलवर मराठी कीबोर्डने लिहितोय, त्यामुळे इव्हेंटची नावंसुद्धा देवनागरीत आहेत. मोठ्याने वाचलीत की ओळखू येतील.

सोलापुरातल्या एका कांद्याच्या आडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी २०१४ पासून सांभाळतोय. लिहिलंही मीच आहे, त्यामुळे शिव्या खायलाही मीच. सी शार्प, विंडोज फॉर्म्स, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८, खाली एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस.

ज्यांना बाजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेतकऱ्याचा माल आला की प्रतवारीप्रमाणे त्याची वक्कलं पडतात. मोठा, मध्यम, गोल्टी, बदला. प्रत्येक वक्कलाचा सौदा वेगळा आणि भाव वेगळा. सगळ्या वक्कलांची मिळून त्या शेतकऱ्याची एक पट्टी होते, तिच्यातून हमाली, तोलाई वजा करून उरलेली रक्कम त्याच्या हातात. (आडत, म्हणजे दुकानाचं कमिशनही कापायचो, पण २०१६ साली ती खरेदीदाराकडे गेली. तो रकाना मी काढला नाही, नुसता लपवलाय. असो.)

गेल्या हंगामापर्यंत सगळं एकाच ग्रिडमध्ये (स्क्रीनवरच्या तक्त्यात) होतं आणि प्रत्येक ओळीत पट्टी नंबर पुन्हा पुन्हा यायचा. दिवाणजी वैतागले होते. म्हणून दिवाळीत दोन ग्रिड केली. वर पट्ट्या, खाली निवडलेल्या पट्टीची वक्कलं. डेटासेटमध्ये दोन टेबलं, मध्ये डेटारिलेशन. वरच्या बाइंडिंगसोर्सला (टेबल आणि ग्रिड यांच्यातला दुवा) पट्टी टेबल, खालच्याला सोर्स म्हणून वरची बाइंडिंगसोर्स आणि मेंबर म्हणून रिलेशनचं नाव. इथवर एकदम झकास. वर क्लिक केलं की खाली त्याच पट्टीची वक्कलं, एक ओळ कोड न लिहिता.

भानगड इव्हेंटची, म्हणजे काही घडलं की ग्रिड जो इशारा देतं त्याची.

फॉर्म उघडताना वरच्या ग्रिडचा सिलेक्शनचेंज्ड तीन-चार वेळा वाजतो, आणि पहिल्यांदा करंटरो (चालू ओळ) रिकामा असतो, म्हणून फॉर्म उघडतानाच एरर. ट्राय-कॅच घालून तोंड दाबलं त्याचं.

खालच्या ग्रिडच्या डोक्यावर शेतकऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात दाखवतो. ते रोएंटरमध्ये (ओळीत शिरताना वाजणारा इव्हेंट) भरतो. पण नाव कायम एक पट्टी मागे असतं. तिसऱ्यावर क्लिक केलं की दुसऱ्याचं नाव.

खाली भाव टाकून टॅब दाबला की कर्सर उडून पहिल्या रकान्यात जातो. कधी कधी 'सेटकरंटसेलअॅड्रेसकोअर' या फंक्शनला पुन्हा शिरून बोलावलं म्हणून एरर येते. गंमत म्हणजे हे सकाळीच होतं. दुपारी बऱ्याचदा कर्सर उडत नाही, सगळं शहाण्यासारखं चालतं.

वजन गोण्यांच्या मानाने जास्त वाटलं तर मी एक मेसेज दाखवतो. सकाळी तो एकदा येतो, संध्याकाळी ओके दाबून दाबून दिवाणजींचं बोट दुखतं.

आणि खालच्या ग्रिडमधल्या 'शेरा' रकान्यात काही दिवसांपासून अक्षरंच उमटत नाहीत, फक्त आकडे. 'भिजका माल' लिहायचंय, तर काय लिहिणार?

हे सगळं चालवून घेत होतो. पण सोमवारी एक शेतकरी पट्टी घेऊन परत आले. गोण्या चौदा, हमाली बासष्ट गोण्यांची. म्हणाले, "साहेब, माझ्या ट्रॉलीत बासष्ट गोण्या मावल्या असत्या तर मी दोन खेपा कशाला केल्या असत्या?" दिवाणजींनी जागेवर फरक दिला आणि चहाही पाजला, पण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सांगवत नाही. आता दुकान म्हणतंय जुनं एकच ग्रिड परत आण.

माझा अंदाज असा की इव्हेंट चुकीच्या क्रमाने वाजतात आणि म्हणून हमाली दुसऱ्या पट्टीला लागते. खोटं कशाला बोलू, एका ठिकाणी ३०० मिलिसेकंदांचा टायमर पण लावलाय, सगळं शांत झाल्यावर हिशेब करायला. त्यानेही फरक नाही. नेमका कोणता इव्हेंट पकडायचा?

---

खटपट्या · मंगळवार, रात्री ११:५८

टायमर काढ. ट्राय-कॅच काढ. मग बोलू.

प्रत्येक इव्हेंटच्या पहिल्या ओळीत डीबग राइटलाइन टाक. इव्हेंटचं नाव, ई.रोइंडेक्स, करंटरोचा नंबर. आउटपुट विंडोत काय येतंय ते इथे चिकटव. अंदाजाने ग्रिड दुरुस्त करणं म्हणजे बोनेट न उघडता गाडी दुरुस्त करणं.

---

जुना_डेटाग्रिड · बुधवार, सकाळी ७:१५

माझं सहीतलं नाव पाहून हसू नका. २००५ पूर्वी जो डेटाग्रिड होता त्यात हा प्रश्नच नव्हता. एकाच ग्रिडमध्ये ओळीच्या डाव्या कडेला अधिकचं चिन्ह असायचं, ते दाबलं की पोटातल्या टेबलाचं नाव दिसायचं, त्यावर क्लिक केलं की आख्खं ग्रिड बदलून पोराचं व्हायचं. दिसायला गबाळं, पण आई आणि लेकरू एकाच घरात. डॉटनेट २.० आलं, डेटाग्रिडव्ह्यू आला, सुंदर आला, पण पोटातली टेबलं त्याने सोडून दिली. तेव्हापासून जगभर लोक दोन ग्रिड एकाखाली एक मांडून हेच रडगाणं गातायत. तू एकटा नाहीस.

विकतचं ग्रिड घे असं कोणी सांगेल. एवढ्यासाठी घेऊ नको. दुखणं ग्रिडमध्ये नाही.

---

पट्टीवाला · बुधवार, दुपारी १:२०

काका, धीर दिलात, आभार.

@खटपट्या, ट्राय-कॅच काढला, टायमर काढला. फॉर्म उघडून दुसऱ्या ओळीवर एकदा क्लिक केलं, तर हे आलं:

सिलेक्शनचेंज्ड — करंटरो: नाही
सिलेक्शनचेंज्ड — करंटरो: ०
सिलेक्शनचेंज्ड — करंटरो: ०
खालचं डेटाबाइंडिंगकंप्लीट
रोएंटर — ई.रोइंडेक्स: १, करंटरो: ०
खालचं डेटाबाइंडिंगकंप्लीट
सिलेक्शनचेंज्ड — करंटरो: १

पाचवी ओळ बघा. रोएंटरमध्ये ई.रोइंडेक्स १ आहे आणि करंटरो अजून ०. हा बग मायक्रोसॉफ्टचा म्हणायचा का?

---

सेमीकोलन_ताई · बुधवार, दुपारी ३:०५

बग नाही. कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की रोएंटर हा करंटरो बदलण्याच्या आधी वाजतो, नवी ओळ हवी असेल तर ई.रोइंडेक्स वापरा. पाहुणा उंबऱ्यावर आहे, अजून आत आलेला नाही. तू आत बघतोस तर आधीचाच बसलेला दिसणार. नाव एक पट्टी मागे का, याचं उत्तर झालं.

पण रोएंटरमध्ये ई.रोइंडेक्स घालून मोकळा होऊ नकोस. तुझ्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच दिसतंय. तू ग्रिडला विचारतोस, डेटाला नाही. ग्रिड ही खिडकी आहे. ती रंगवताना, सरकवताना, भरताना शंभर वेळा आवाज करते. तुला हवंय एवढंच, की आत्ता कोणती पट्टी चालू आहे. ते वरच्या बाइंडिंगसोर्सला माहीत असतं.

म्हणून शेतकऱ्याचं नाव बाइंडिंगसोर्सच्या करंटचेंज्डमध्ये भर. खरं तर तेही नको. लेबलचा टेक्स्ट सरळ त्याच बाइंडिंगसोर्सच्या 'शेतकरी' रकान्याला बाइंड कर, इव्हेंटच लागणार नाही. माझ्या अनुभवात या कामातले निम्मे इव्हेंट लिहायची गरजच नसते.

फॉर्म उघडताना होणारा गोंगाट: टेबलं भरायच्या आधी दोन्ही बाइंडिंगसोर्सचं रेझलिस्टचेंज्डइव्हेंट्स फॉल्स कर. आधी पट्ट्या भर, मग वक्कलं. उलट भरलंस तर नातं जुळत नाही म्हणून डेटासेट तक्रार करेल. मग ट्रू करून रीसेटबाइंडिंग्ज. हँडलर, म्हणजे इव्हेंट वाजल्यावर चालणारं फंक्शन, त्यानंतर जोड.

आता कर्सर उडतो त्याबद्दल. खालच्या सेलव्हॅल्यूचेंज्डमध्ये तू काय करतोस, शब्दशः सांग. माझा कयास आहे की बेरीज करून वरच्या पट्टीत लिहितोस.

---

पट्टीवाला · बुधवार, दुपारी ४:४०

बरोबर ओळखलंत ताई. भाव किंवा गोण्या बदलल्या की खालच्या सगळ्या ओळींतून गोण्यांची बेरीज घेतो, हमाली काढतो, आणि वरच्या ग्रिडच्या करंटरोचा इंडेक्स घेऊन पट्टी टेबलाच्या त्याच नंबरच्या ओळीत हमाली आणि एकूण रक्कम लिहितो.

---

सेमीकोलन_ताई · बुधवार, संध्याकाळी ६:१०

थांब. हे वाक्य मी दोनदा वाचलं. आधी एक प्रश्न, याचं उत्तर दे, मग पुढे लिहिते.

दुकानात कोणी वरच्या ग्रिडच्या हेडरवर क्लिक करून नावाने लावतं का?

---

पट्टीवाला · बुधवार, रात्री ८:३०

लावतात! दुपारी शेतकरी पट्टी मागायला येतात ना. सकाळी आवक होते तशा नंबराने असतात, दुपारी दिवाणजी 'शेतकरी'वर क्लिक करतात. नाव शोधायला सोपं जातं म्हणून. त्यात काय बिघडलं?

---

सेमीकोलन_ताई · बुधवार, रात्री ९:१५

सगळं त्यातच बिघडलं.

हेडरवर क्लिक केलं की ग्रिडमधला क्रम बदलतो, टेबलातला बदलत नाही. टेबलात ओळी जशा आल्या तशाच असतात, सॉर्ट होतो तो टेबलावरचा व्ह्यू. सकाळी ग्रिडची पाचवी ओळ आणि टेबलाची पाचवी ओळ एकच असते, म्हणून तुझा कोड योगायोगाने बरोबर चालतो. दुपारी नावाने लावलं की ग्रिडमध्ये पाचवा आहे बासष्ट गोण्यावाला, आणि टेबलात पाचवा तुझा चौदा गोण्यावाला. बेरीज एकाची, खतावणी दुसऱ्याच्या नावावर. इव्हेंटच्या क्रमाचा इथे काडीचा संबंध नाही.

आणि तूच पुरावा दिला होतास, पहिल्याच पोस्टमध्ये. "दुपारी कर्सर उडत नाही, शहाण्यासारखं चालतं." मला तेव्हाच खटकलं होतं.

कर्सर का उडतो ते बघ. खालची बाइंडिंगसोर्स वरच्या बाइंडिंगसोर्सच्या चालू ओळीवर कान लावून बसलेली असते. ओळ बदलली की करंटआयटमचेंज्ड वाजतो, पण त्याच ओळीतला एक रकाना बदलला तरीही तोच वाजतो. खालचीला वाटतं वर काहीतरी झालं, ती आपली यादी पुन्हा टांगते. यादी पुन्हा टांगली की खालचं ग्रिड रीसेट. तू मात्र त्याच ग्रिडच्या सेलव्हॅल्यूचेंज्डच्या मधोमध उभा आहेस. टॅबने एका सेलमधून दुसऱ्यात जाणं अर्धवट असताना पायाखालची सतरंजी ओढली जाते. कधी कर्सर पहिल्या रकान्यात, कधी ती पुन्हा शिरण्याची एरर.

म्हणजे सकाळी तू हमाली बरोबर पट्टीत लिहितोस, ती पट्टी चालू असते, म्हणून कर्सर उडतो. दुपारी भलत्याच पट्टीत लिहितोस, ती चालू नसते, खालच्याला पत्ताच लागत नाही, आणि कर्सर शांत. जेव्हा सगळं नीट चालल्यासारखं वाटत होतं तेव्हाच पैसे चुकत होते.

दुरुस्ती:

ओळ कधीही नंबराने धरू नकोस. वरच्या बाइंडिंगसोर्सचा करंट घे, त्याला डेटारोव्ह्यू कर, त्याचा रो घे. ग्रिडच्या ओळीतून जायचंच असेल तर त्या ओळीचा डेटाबाउंडआयटम. सॉर्ट असो, फिल्टर असो, ओळ तीच मिळते.

वक्कलाची रक्कम हाताने काढू नकोस. वक्कल टेबलात रक्कम या रकान्याला एक्स्प्रेशन दे, वजन गुणिले भाव भागिले शंभर. तुझा भाव क्विंटलचा आहे आणि वजन किलोत, म्हणून शंभर. ११५० किलो, १८०० भाव, तर २०,७०० आपोआप येतील. एक सवय लागेल, रक्कम ती ओळ सोडल्यावर दिसते, सेल सोडल्या सोडल्या नाही. आणि हा रकाना वाचण्यापुरताच असतो, त्यात लिहिता येत नाही.

आणि एकूण बेरीज टाइप करता करता वरच्या टेबलात लिहायची तुला गरजच काय? खालच्या ग्रिडच्या पायाशी एक पट्टा ठेव. एकूण गोण्या, एकूण रक्कम, हमाली, तोलाई, निव्वळ देणं. खालच्या बाइंडिंगसोर्सच्या लिस्टचेंज्डवर तो पट्टा भर. लेबलात लिहिल्याने कोणाची सतरंजी हलत नाही. टेबलात जे लिहायचं ते सेव्ह करताना लिही, एकदाच.

---

पट्टीवाला · बुधवार, रात्री ९:५०

ताई, दोन मिनिटं स्क्रीनकडे नुसता बघत बसलो.

आत्ता पडताळून पाहिलं. टेस्टच्या डेटावर नावाने लावलं, एका पट्टीत गोण्या बदलल्या, कर्सर जागच्या जागी. मग नंबराने लावून बघितलं तर हमाली तिसऱ्याच पट्टीत जाऊन बसलेली. अगदी तुम्ही म्हणालात तसंच. दिवाळीपासूनच्या पट्ट्या आता तपासाव्या लागणार. प्रत्येक पट्टीच्या वक्कलांच्या गोण्यांची बेरीज आणि लावलेली हमाली जुळते का, एवढी एक क्वेरी लिहिली की निघतील. पोटात गोळा आलाय, पण लिहितो.

---

खटपट्या · बुधवार, रात्री १०:१०

क्वेरी आजच लिही, उद्यावर ढकलू नकोस. ज्यांची जास्त कापली गेलीय त्यांना दुकानाने आपणहून फोन केलेला बरा.

मेसेज संध्याकाळी दहा वेळा येतो त्याबद्दल: सेलव्हॅल्यूचेंज्डला हँडलर कुठे जोडलास? कन्स्ट्रक्टरमध्ये की माहिती भरायच्या फंक्शनमध्ये?

---

पट्टीवाला · बुधवार, रात्री १०:१४

माहिती भरायच्या फंक्शनमध्ये. एफ-पाच दाबलं की तेच फंक्शन चालतं...

...कळलं. लिहिता लिहिताच कळलं.

---

खटपट्या · बुधवार, रात्री १०:२०

हां. हँडलर जोडायला अधिक-बरोबर (+=) लिहिलं की आधीचा हँडलर जात नाही, शेजारी आणखी एक बसतो. दिवाणजींनी दिवसात जेवढ्या वेळा रिफ्रेश केलं त्याच्यापेक्षा एक जास्त वेळा मेसेज. मोजून बघ.

शेरा रकान्याचंही त्याच जातीचं आहे. भाव रकान्यात फक्त आकडे चालावेत म्हणून तू एडिटिंगकंट्रोलशोइंगमध्ये कीप्रेस जोडला असणार. ग्रिड प्रत्येक सेलसाठी नवा टेक्स्टबॉक्स बनवत नाही, एकच बनवून तो सेलावरून सेलावर फिरवतं. भावात जोडलेला पहारेकरी त्याच टेक्स्टबॉक्ससोबत शेऱ्यात जातो आणि तिथेही अक्षरं अडवतो. नेहमी आधी वजा-बरोबर करून काढ, मग चालू रकाना भावाचा असेल तरच जोड.

---

जुना_डेटाग्रिड · गुरुवार, सकाळी ६:५०

पोरांनो, छान चाललंय. एक राहिलं. सेव्हचं बटण टूलस्ट्रिपवर आहे का? असेल तर लक्षात ठेवा, टूलस्ट्रिपचं बटण फोकस घेत नाही. माणूस शेवटचा भाव टाइप करतो आणि थेट सेव्ह दाबतो, तर तो भाव अजून सेलातच लटकलेला असतो, टेबलात पोचलेला नसतो. सेव्हच्या आधी फॉर्मचं व्हॅलिडेट, मग दोन्ही बाइंडिंगसोर्सचं एंडएडिट.

नव्या पट्टीला सर्व्हर नंबर देत असेल तर पट्टी टेबलाच्या ऑटोइन्क्रिमेंटची सुरुवात उणे एक आणि पायरीही उणे एक ठेवा. तात्पुरते नंबर उणे राहतात, खऱ्यांशी टक्कर होत नाही. सेव्ह करताना आधी नव्या पट्ट्या, मग त्यांची वक्कलं. पुसताना उलट, आधी वक्कलं. मी हे एकदा उलट करून एका दुकानाचा आख्खा शनिवार घालवलाय. त्यांनी मला चहा पाजला नाही.

---

पट्टीवाला · शुक्रवार, रात्री ११:०५

झालं. क्रमाने सांगतो.

ओळ नंबराने धरायचे सगळे प्रकार शोधले, सात ठिकाणी निघाले. त्यातलं एक प्रिंटमध्ये होतं! ते अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, हे माझं नशीब. सगळीकडे बाइंडिंगसोर्सचा करंट लावला. नावाचं लेबल बाइंड केलं, रोएंटर पूर्ण उडवला. बेरजेचा पट्टा खाली गेला, कर्सर जागचा हलत नाही. हँडलर कन्स्ट्रक्टरमध्ये नेले. रिफ्रेश किती वेळा दाबतात ते मोजायला आधी एक काउंटर ठेवला होता. गुरुवारी आकडा होता अकरा, मेसेज बारा. खटपट्याशेठ, मानलं. काकांचं उणे एक पण बसवलं.

क्वेरीत दिवाळीपासूनच्या एकोणीस पट्ट्या निघाल्या. बारांत जास्त कापलं होतं, सातांत कमी. दुकानाने बाराही जणांना फोन केले. कमीवाल्यांकडून मागायचं नाही असं मालक म्हणाले.

एकच किरकोळ अडचण राहिली. खाली 'हमाली लागू' असा चेकबॉक्सचा रकाना आहे, काही शेतकरी आपलीच माणसं आणतात म्हणून. तो टिक केला तर पायातला पट्टा बदलत नाही. दुसऱ्या ओळीवर गेलं की बदलतो.

---

सेमीकोलन_ताई · शुक्रवार, रात्री ११:३०

चेकबॉक्स टिक दिसला तरी ग्रिडच्या मते ती दुरुस्ती अजून चालूच असते, सेल सोडेपर्यंत. करंटसेलडर्टीस्टेटचेंज्ड पकड. सेल डर्टी (बदललेला, पण अजून पक्का न झालेला) असेल आणि चेकबॉक्सचा असेल तर तिथेच कमिटएडिट कर. सेलव्हॅल्यूचेंज्ड लगेच वाजेल. एवढ्यावर पट्टा नाही हलला तर मागोमाग खालच्या बाइंडिंगसोर्सचं एंडएडिट, कारण ओळ पक्की व्हायची राहिलेली असते. फक्त चेकबॉक्सपुरतंच कर हं. भावाच्या रकान्यात केलंस तर १८०० टाइप करताना १, १८, १८० असे तीन भाव आधी लागून जातील.

आणि प्रिंटमधल्या त्या ठिकाणाच्या जुन्या पट्ट्याही तपास.

---

पट्टीवाला · शनिवार, दुपारी २:१०

चेकबॉक्स चालला, एंडएडिट लावावं लागलं. प्रिंट तपासलं, तिथे फक्त गावाचं नाव चुकत होतं, पैसे नाही. दोन माणसांच्या पट्टीवर शेजारच्या तालुक्यातलं गाव छापलं गेलं होतं. त्यांनी ते वाचलंच नव्हतं.

दिवाणजी आज स्वतःहून म्हणाले की दोन ग्रिड बरी आहेत. आणि लगेच पुढचं सांगितलं: वजन टाकून एंटर दाबला की कर्सर खालच्या ओळीत जातो, तो शेजारच्या भावाच्या रकान्यात गेला पाहिजे. कॅल्क्युलेटरसारखा एका हाताने चालवायचा आहे त्यांना, दुसऱ्या हातात फोन असतो.

जुनं चाळून बघतो, नाहीच सापडलं तर त्यासाठी वेगळा धागा काढतो.